गजकर्ण, चिखल्या, शिबं: घराभोवतीच्या वनस्पतींचा अर्क कसा काढायचा आणि कुठे लावायचा

पावसाचे चार महिने कोकणात कातडी पुरती वाळतच नाही. लावणीला दिवसभर पाय चिखलात, अंगावर ओला कपडा, गमबुटात साचलेला घाम, कमरेला भिजलेला करगोटा आणि पडवीतल्या दोरीवर तीन दिवस दमट राहिलेले कपडे. बुरशीला एवढं पुरतं. तिच्यावर चालणाऱ्या वनस्पतीही याच मातीत आहेत: रस्त्याकडेला टाकळा, खाडीच्या काठाला करंज, परसात मेंदी, कुठे कुठे कुंपणाला दादमर्दन. त्यांचा गुण प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलेला आहे. तरी घरी गुण येत नाही, कारण एकच तेल बोटांच्या बेचक्यात, जांघेत, पाठीवर सगळीकडे चोळलं जातं. वनस्पती कोणती हा प्रश्न दुसरा. ती पाण्यात उतरवायची, ताकात की तेलात, हे त्या जागेवरून आधी ठरवायचं.

आधी ओळख पटवा

गजकर्ण, म्हणजेच नायटा किंवा दाद, गोल वाढतं. कडा उंच, लालसर, बारीक पुटकुळ्यांची आणि खवल्यांची. मधला भाग निवत आलेला. खाज संध्याकाळी आणि घाम आल्यावर जास्त. जांघ, कंबर, काख, नितंब या त्याच्या आवडत्या जागा. जिवंत बुरशी कडेला असते, मध्ये नसते. म्हणून औषध कडेच्या बाहेर बोटभर निरोगी कातडीवरही लावायचं. बहुतेक जण नेमकं मध्ये लावतात आणि वर्तुळ बाहेर सरकत राहतं.

चिखल्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात सुरू होतात. कातडी पांढरी, भिजल्यासारखी फुगलेली, खाली लाल चीर, आणि वास. इथे बुरशीच्या जोडीला जीवाणूही असतात, म्हणून पाय सुजला, लाली घोट्याकडे चढली, ताप आला किंवा जांघेत अवधाण आलं तर घरगुती उपाय तिथेच थांबवायचा.

शिबं छातीवर, पाठीवर, मानेवर येतं. फिकट किंवा तपकिरी, एकमेकांत मिसळणारे डाग. खाज जवळजवळ नाही. नखाने हलकं खरवडलं की पिठासारखा कोंडा निघतो.

कुठल्याही फिकट डागावर एक चाचणी न चुकता करा. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने डागावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर आळीपाळीने स्पर्श करा. डागावर स्पर्श कळत नसेल, तिथे घाम येत नसेल किंवा केस गळले असतील तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

पुढच्या जागी अर्क, लेप, तेल काहीच करत बसू नका. मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण: बुरशी केसाच्या मुळात असते, वरून लावलेलं तिथे पोचत नाही, पोटातूनच औषध लागतं. नखं: तेच कारण. चेहरा, गुप्तांग, योनीमार्ग: इथे वनस्पतीचा कोणताही रस लावायचा किंवा आत घालायचा नाही. मधुमेह असणाऱ्यांचे पाय, गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, तळहातापेक्षा मोठे चट्टे अंगावर अनेक ठिकाणी असणं: या सगळ्यांना आधी डॉक्टर.

टाकळ्याच्या बियांचा लेप

कोरड्या, खवले असलेल्या, एक-दोन चट्ट्यांच्या गजकर्णाला हा सगळ्यात सोपा आणि भरवशाचा लेप. संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात. बियांत क्रायसोफॅनिक आम्लाच्या कुळातले पदार्थ असतात आणि त्यांची बुरशीविरोधी क्रिया दाखवली गेली आहे. याच कुळातला क्रायसारोबिन हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाने नायट्यावर दूरदूर विकला जाई. तिचा कच्चा माल ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून निघायचा आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात यायचा. गुण यायचा, पण कातडी भाजायची आणि कपडे डागाळायचे. टाकळा त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे, तरी स्वभाव तोच, म्हणून हा लेप रात्रभर ठेवायचा नसतो.

झाड नीट ओळखा. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, पर्णिका टोकाशी रुंद आणि बोथट, चुरडल्यावर उग्र वास. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. शेजारीच कासविंदा उगवतो. त्याला चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, शेंग चपटी. कासविंद्याच्या बिया लहान मुलांनी खाल्ल्या तर यकृत आणि मेंदूवर जिवावरची बाधा होते, म्हणून गोळा केलेल्या बिया मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, मग त्या टाकळ्याच्याच असल्या तरीही.

पावसाच्या सुरुवातीला भाजीला खुडतो तो कोवळा पाला या कामाचा नाही. दिवाळीच्या पुढेमागे शेंगा तपकिरी झाल्या की सकाळी दंव असताना कापा, नाहीतर शेंगा तडकून बी सांडतं. खळ्यावर दोन दिवस वाळवून झोडपा, पाखडा. बी चकचकीत, तपकिरी, दोन्ही टोकांना तिरकं कापल्यासारखं असतं. पूर्ण वाळलेलं बी काचेच्या बरणीत वर्षभर टिकतं. भाजू नका. कॉफीसारखं पेय करायला ते भाजतात, पण लेपासाठी कच्चंच हवं. पूडही एकदम करून ठेवू नका: हवा आणि उजेड लागला की कामाचे पदार्थ बदलतात. पंधरा दिवसांना पुरेल एवढीच, साधारण ७५ ग्रॅम पूड मिक्सरमध्ये करा. बी दगडासारखं कठीण असतं, म्हणून भांडं अर्ध्याहून कमी भरा, थांबून थांबून फिरवा आणि मलमलीतून गाळा. जाड कण राहिले तर ते कातडी खरवडतात आणि खरचटलेल्या जागी गजकर्ण पसरतं.

रोजचं प्रमाण असं: एक चहाचा चमचा भरून पूड (५ ग्रॅमच्या आसपास) आणि दोन चमचे आंबट ताक, म्हणजे १० मिलिलिटर. काचेच्या वाटीत कालवून चार तास झाकून ठेवा. पूड फुगते, चिकट होते. घट्ट वाटलं तर आणखी थोडं ताक घाला. ताकातलं लॅक्टिक आम्ल वरचे खवले थोडे सैल करतं, म्हणजे अर्क खाली पोचतो. काही घरांत ताकाऐवजी लिंबू घालतात. ते नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

पहिल्यांदा लावण्याआधी हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लेप लावा, अर्ध्या तासाने धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. लाली, पुरळ, आग नसेल तरच पुढे.

चट्टा कोमट पाण्याने धुवून कोरडा टिपा. लेप नाण्याच्या जाडीचा, कडेच्या बाहेर बोटभर लावा. अर्धा तास, जास्तीत जास्त पाऊण तास. सुकून ओढ बसायला लागली की कोमट पाण्याने भिजवून काढा, खरडून नाही. पुन्हा कोरडं करा. दिवसातून एकदा. उरलेला लेप टाकून द्या; कोकणातल्या दमटपणात दुसऱ्या दिवशी त्यावरच पांढरी लव येते, आणि बुरशीवर बुरशी लावण्यात अर्थ नाही.

चार-पाच दिवसांत खाज उतरायला हवी. दहाव्या दिवसापर्यंत कडा बसायला हवी. कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लेप चालू ठेवायचा. ‘गेलं होतं, पुन्हा आलं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुरू होते: ते गेलेलंच नसतं.

दादमर्दनाच्या पानांचा रस

हे टाकळ्याचंच मोठं भावंड. पाच-सहा फूट किंवा त्याहून उंच झुडूप, पानं हातभर लांब, फुलांचे पिवळे उभे तुरे मेणबत्तीसारखे, शेंगेला चार पंख. ओलावा असलेल्या जागी जोमाने वाढतं, बियांपासून सहज येतं. फिलिपिन्समध्ये तिथल्या आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या दहा औषधी वनस्पतींत याचा समावेश आहे, तो बुरशीसाठीच. भारतात १९९०च्या दशकात शिब्याच्या रुग्णांवर पानांच्या अर्काचा अभ्यास झाला आणि गुण दिसला.

पक्व पण हिरवीगार पानं घ्या. पिवळी आणि कोवळी सोडून द्या. १०० ग्रॅम पर्णिका देठ काढून धुवा, रोवळीत निथळवा, पंख्याखाली अर्धा तास कोरड्या करा. पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये ३० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यासोबत वाटा आणि स्वच्छ फडक्यातून पिळा. निघणारा गडद हिरवा रस त्याच दिवशी वापरायचा. रोज वाटणं होत नसेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवा आणि रोज एक खडा काढा. पावसात वीज तासन् तास जाते. खडे एकदा वितळले असतील तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

कापसाने दिवसातून दोनदा लावा, वाळू द्या, अर्ध्या तासाने धुवा. कपड्यांवर तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत, तेव्हा जुना पंचा वापरा. लावलेल्या जागी आग झाली तर थांबा; पानं जून आणि रस घट्ट असेल तर तो निम्मं पाणी घालून पुन्हा पाहता येतो. हा रस पोटात घ्यायचा नाही. जोराचे जुलाब होतात.

करंजाचं सिद्ध तेल

हे तेल सुक्या, जाड, भेगाळलेल्या कातडीसाठी: तळपायाची जुनी बुरशी, घोट्यावरचे, नडगीवरचे, पाठीवरचे कोरडे चट्टे. बेचक्यात, जांघेत, काखेत आणि शिब्यावर हे लावायचं नाही. घडीच्या जागी तेल ओलावा कोंडून ठेवतं आणि जखम आणखी भिजते.

करंजाच्या शेंगा माघ-फाल्गुनापासून वाळून पडू लागतात. बिया काढून आठवडाभर उन्हात वाळवा आणि लाकडी घाण्यावर गाळून घ्या. वजनाच्या पाव भागाच्या आसपास तेल उतरतं. तपकिरी, कडू, उग्र वासाचं हे तेल खाण्याचं नव्हे. बाटलीवर तसं ठळक लिहून ठेवा. विकत घेताना पेंडीतून रसायनाने काढलेलं तेल घेऊ नका. जुनं तेल घशाला लागणाऱ्या खवट वासावरून कळतं. त्याने कातडी चुरचुरते.

सिद्ध तेल म्हणजे वनस्पतींसोबत कढवलेलं तेल. त्याचं जुनं प्रमाण कल्क (वाटलेला गोळा) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. घरगुती घाणीसाठी ते असं बसतं. कल्क: टाकळ्याच्या बियांची पूड ४० ग्रॅम आणि हळदीची पूड १० ग्रॅम, पाण्यात भिजवून घट्ट गोळा. तेल: करंजेल २०० मिलिलिटर. द्रव: कडुलिंबाच्या किंवा दादमर्दनाच्या ताज्या पानांचा काढा ८०० मिलिलिटर. काढ्यासाठी ४०० ग्रॅम पानं ३.२ लिटर पाण्यात, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर पाव हिस्सा उरेपर्यंत आटवा आणि गाळा.

भांडं जाड बुडाचं, रुंद तोंडाचं, निदान तीन लिटरचं घ्या, कारण शेवटी फेस चढतो. स्टील किंवा कल्हईचं पितळ चालतं. लोखंड आणि ॲल्युमिनियम नको. तेल कोमट करा, त्यात कल्क सोडा, मग काढा ओता. चुलीवर करत असाल तर वैलावर ठेवा. गॅसवर सगळ्यात लहान आच. तीन ते चार तास लागतात. पहिले दोन तास अधूनमधून ढवळलं तरी चालतं. पाणी आटत आलं की हात थांबवायचा नाही, कारण कल्क बुडाला बसतो आणि एकदा करपला की सगळ्या तेलाला जळका वास लागतो. तो काढता येत नाही.

तयार झालं हे तीन खुणांवरून पाहा. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि आवाज खळखळता असतो. पाणी संपलं की आवाज बसतो आणि वर बारीक, पांढरट फेस येतो. चमच्यावर थोडा कल्क काढून बोटांत वळा: वात सहज वळली पाहिजे, चिकटता कामा नये. तीच वात विस्तवावर धरा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. शांतपणे पेटली तर तेल झालं. कल्क वाळूसारखा भुरभुरायला लागला तर वेळ निघून गेलेली आहे.

आच बंद करून दहा मिनिटांनी, तेल गरम असतानाच, दुहेरी कोरड्या फडक्यातून गाळा. आपोआप गळेल तेवढं मुख्य बाटलीत. फडकं पिळून निघालेलं वेगळं ठेवा आणि महिन्याभरात संपवा, त्यात गाळ आणि ओल राहते. बाटली गडद काचेची, आणि ती वाळलेली असणं हे निम्मं काम आहे. पावसाळ्यात धुतलेली बाटली दिसते कोरडी, पण आत बाष्प असतं. चुलीच्या धगीजवळ तासभर पालथी ठेवा. आठवड्याभराने तळाशी पाण्याचे थेंब किंवा धुरकट थर दिसला तर तेल पुन्हा मंद आचेवर तापवून आवाज बसेपर्यंत ठेवा. नीट केलेलं तेल सहा महिने चांगलं राहतं. तारीख लिहा.

विड्याचं पान, लवंग, गवती चहा, लसूण यांचे गुणी पदार्थ उडून जाणारे किंवा तापाने मोडणारे आहेत. त्यांना या तेलात तासन् तास कढवून काही उरत नाही. खोबरेलात लसूण लाल होईपर्यंत तळून ते पायाला लावतात. त्या तेलात तळल्याचा वास असतो, लसणाचा ॲलिसिन नसतो.

किनाऱ्यावर उंडीचं तेलही मिळतं, दाट हिरवट आणि राळेच्या वासाचं. कातडीवर ते अनेक जण वापरतात, पण काहींना त्याची ॲलर्जी येते, म्हणून करंजेलाऐवजी ते घ्यायचं झालं तर कोपराची चाचणी दोन दिवसांची, आणि घाई न करता.

लावायचं कसं: आंघोळीनंतर, कातडी कोरडी झाल्यावर, चार-पाच थेंब, बोटाने जिरेपर्यंत. रात्री. चादरीवर डाग पडतो, तर जुना मोजा घाला. तळपायावर हेच तेल मलम करून जास्त टिकतं. ३० ग्रॅम कोकमाचं तेल, म्हणजे गोळ्याच्या रूपात मिळणारं भिरंडेल, गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवा, त्यात ७० ग्रॅम सिद्ध तेल घाला, आणि वाटी थंड पाण्याच्या परातीत ठेवून दाट होईपर्यंत ढवळा. आपोआप निवायला ठेवलं तर ते रवाळ होतं. वाटीत पाण्याचा थेंब पडू देऊ नका. टाच भेगाळून रक्त येत असेल तर आधी दोन-तीन दिवस नुसतं भिरंडेल लावा आणि भेग मिटल्यावर हे मलम.

चिखल्यांना कोरडं करणारं औषध

इथे तेल नाही, मलम नाही. हिरड्याची जाडसर पूड २० ग्रॅम एक लिटर पाण्यात उकळून अर्धा लिटर करा, गाळा, कोमट झाल्यावर पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवा. हिरड्यातलं टॅनिन भिजलेली कातडी आवळतं आणि चिरीतून येणारा स्राव कमी करतं. मग बेचक्यातून फडकं फिरवून टिपा आणि पंख्यापुढे पाच मिनिटं बोटं फाकवून बसा. संध्याकाळी शेतातून आल्यावर रोज. काढा रोजचा रोज करा. तांदळाचं पीठ किंवा मक्याचं पीठ बेचक्यात भुरभुरू नका. हळदीची पूड कोरडी दाबून भरणंही नको, ती ओल शोषून गोळा होते आणि घासते.

लावणीआधी पायाला मेंदी लावण्याची रीत मात्र पक्की आहे. मेंदीतला लॉसोन हा रंग कातडीच्या केराटिन या प्रथिनाला घट्ट धरतो आणि बुरशीची वाढही रोखतो. परसातली पानं सावलीत वाळवून पूड करा, किंवा फक्त पानांची पूड विकत घ्या. काळी मेंदी आणि कोनातली चटकन रंगणारी मेंदी नको; त्यात घातलेल्या रसायनाने फोड येतात. ५० ग्रॅम पूड, दाट होईल एवढं पाणी, एक चमचा ताक. सहा-आठ तास झाकून ठेवा. लावणीच्या दोन दिवस आधी, कातडी अखंड असताना, तळव्याला, बोटांच्या बाजूंना आणि बेचक्यांत लावा, चार तास वाळू द्या, झाडून काढा. त्यानंतर बारा तास पाणी कमीत कमी लावा. रंगलेला थर झडत जातो, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा. चीर पडल्यावर मेंदी लावली तर झोंबते आणि जखमेत कण अडकतात. मेंदी चिखल्या होण्याआधीची. तान्ह्या मुलांना आणि लाल पेशींतल्या जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना मेंदी लावू नये, लाल पेशी फुटू शकतात.

शिब्याला तेल नको

शिब्याची मॅलॅसेझिया ही बुरशी चरबीवर जगते. खोबरेल, करंजेल, भिरंडेल यांतली बहुतेक मेदाम्लं तिला खाता येतात. म्हणून रोज खोबरेल चोळून शिबं वाढतं, आणि ‘कोरडं पडलंय’ म्हणून आणखी तेल चोळलं जातं. दादमर्दनाचा पाण्यातला रस रोज एकदा अर्धा तास लावून धुणं, हा यातला घरगुती उपाय. गुण येईनासा झाला तर औषधाच्या दुकानात २.५ टक्के सेलेनियम सल्फाइडचं लोशन मिळतं: दहा मिनिटं, रोज, सात दिवस.

बुरशी मेल्यावरही फिके डाग दोन-तीन महिने राहतात. नखाने खरवडून कोंडा निघत नसेल तर औषध थांबवा. रंग हळूहळू भरून येईल.

हे कातडीला लावू नका

बिब्बा, काजूच्या टरफलाचं तेल, रुईचा चीक: तिन्हीने फोड येतात, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. कच्च्या लसणाची चकती पट्टीने बांधली तर रात्रीत भाजल्यासारखी जखम होते. बावची लावून उन्हात गेलं की तेच. रॉकेल, फिनेल, बॅटरीचं पाणी, मोरचूद यांनी चट्टा सोलून निघतो, बुरशी तशीच राहते, आणि सोललेल्या जागेवर जीवाणू बसतात.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ट्यूबने होतं. दुकानातून न विचारता आणलेल्या अनेक ‘नायट्याच्या’ क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते, लाली बसते, आणि खाली बुरशी मोकाट पसरते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं औषध आहे. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडं आहेत. नावं सारखी वाटतात, काम उलट आहे.

सोबत काय सांभाळायचं

औषध चालू असताना घरातल्या ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. पंचा, चटई, अंथरूण वेगळं. आतले कपडे आणि मोजे गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा आणि पावसाळ्यात इस्त्री करून, शिवणीपर्यंत वाळवून घाला. करगोटा काढून टाका. तो कधीच वाळत नाही आणि कमरेचं गजकर्ण तिथूनच पुन्हा उठतं. नको वाटत असेल तर बरं होईपर्यंत तरी काढा आणि नंतर नवा बांधा. गमबूट रोज उलटे करून वाळवा, शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून. मांजराच्या पिलाच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर मुलांना ते तिथूनही लागतं. पिलाला पशुवैद्याकडे न्या.

किती दिवस वाट पाहायची? दोन आठवडे, तेही चट्टे वाढत नसतील तर. भारतात सध्या पसरलेल्या गजकर्णात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी बरीच आढळते. तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं, आणि तिचे अनेक वाण टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधालाही दाद देत नाहीत. जांघेतून कमरेवर, नितंबावर, पोटावर झपाट्याने पसरणारं, अतिशय खाजणारं गजकर्ण असेल तर लेपांत महिने घालवू नका.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याआधी आठवडाभर चट्ट्यावर काहीच लावू नका. ते कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वर तेल आणि लेपाचे कण असले की बुरशीचे धागे दिसत नाहीत. आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्या, आणि लेप, तेल, रस काय काय लावलं, किती दिवस, हे न लपवता सांगा.